व्हेरोनातील दोन घराणी आणि आमची गल्ली

मुलुंडच्या एका महाविद्यालयात मी इंग्रजी शिकवतो. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला शेक्सपिअरचे 'रोमिओ अँड ज्युलिएट' हे नाटक होते. पहिला अंक संपवून कुणाला काही शंका आहे काय, असे मी विचारले, तेव्हा शेवटच्या बाकावरचा, विक्रोळी पार्कसाइटवरून येणारा एक विद्यार्थी उभा राहिला आणि म्हणाला, "सर, माँटेग्यूंची जात कोणती आणि कॅप्युलेटांची कोणती?" वर्ग हसला. दुर्दैवाने मीही हसलो. तास संपल्यावर माझ्या लक्षात आले, की या नाटकाविषयी मला विचारला गेलेला हा सर्वांत खरा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर एम.ए.च्या दोन वर्षांत मला कुणी शिकवलेले नव्हते. आम्हाला नियती शिकवली गेली. ग्रहताऱ्यांचा कोप, तरुणांचा उतावळेपणा, वेळेवर न पोहोचलेले पत्र, हे सारे शिकवले गेले. दोन घराण्यांचे वैर मात्र पावसापाण्यासारखे गृहीत धरले गेले. ज्याच्या पूर्वजांना गावकुसाबाहेर का ठेवले हे विचारण्याचीही सोय नव्हती, त्याच्या मुलाला वैर असे गृहीत धरता येत नाही. त्या विद्यार्थ्याला वर्गात न दिलेले उत्तर मी येथे लिहीत आहे.

उत्तर सरळ आहे. दोन्ही घराण्यांची जात एकच आहे. नाटक सुरू होताच शेक्सपिअर सांगून टाकतो, की ही दोन्ही घराणी मानमरातबाने तोलामोलाची आहेत. वैर जुने आहे. ते कशावरून सुरू झाले हे पाच अंकांत कुठेही सांगितलेले नाही. कॅप्युलेटच्या घरच्या मेजवानीत रोमिओ मुखवटा घालून शिरतो. टिबॉल्ट त्याला आवाजावरून ओळखतो आणि तलवार मागवतो. त्या वेळी त्याला दटावतो कोण, तर खुद्द घरधनी कॅप्युलेट. हा मुलगा सभ्य आहे, सारे शहर त्याच्याविषयी चांगले बोलते, माझ्या घरात त्याचा अपमान होता कामा नये, असे तो बजावतो. शत्रूच्या मुलाविषयी असे बोलता येते, कारण तो शत्रू आहे, नीच नव्हे. फ्रायर लॉरेन्स या दोघांचे गुपचूप लग्न लावतो ते याच आशेने, की या सोयरिकीने दोन्ही घरांचे वैर संपेल. म्हणजे ही सोयरीक त्या समाजात होण्याजोगी आहे. धर्म एक, चर्च एक, वर्ग एक. आमचे रक्त बाटेल, असे एकही पात्र म्हणत नाही. वैर मिटले तर दोन्ही बाप उद्या एकाच मांडवात शेजारी बसतील. आणि शेवटी ते एकत्र येतातही, फक्त मांडवाऐवजी थडग्यापाशी. हात हातात घेतात आणि एकमेकांच्या मुलांचे सोन्याचे पुतळे उभारण्याचे वचन देतात.

मराठीत अशा वैराला एक चांगला शब्द आहे, भाऊबंदकी. खाडिलकरांनी १९०९ साली याच नावाचे नाटक लिहिले. नारायणराव पेशव्याचा खून, राघोबाची सत्तेची हाव, आनंदीबाई, रामशास्त्री, हे सगळे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. रक्त पुष्कळ सांडते, पण घर एकच असते. भाऊबंदकी व्हायची तर आधी एकमेकांना भाऊ मानावे लागते, वाटून घ्यायला काहीतरी असावे लागते आणि दोघांच्याही हाती शस्त्र असावे लागते. व्हेरोनातील वैर हे या अर्थाने भाऊबंदकीच आहे. वैर ही बरोबरीच्या माणसांची चैन आहे.

हे एकदा लक्षात आले म्हणजे, आमच्याकडे दलित मुलगा आणि सवर्ण मुलगी यांचे काही झाले, की 'रोमिओ-ज्युलिएटची कहाणी' असा मथळा देण्यात केवढी लबाडी आहे तेही लक्षात येते. ही लबाडी प्रत्येक वेळी जाणूनबुजून केलेली असते असे मी म्हणत नाही. पण तिचा परिणाम एकच होतो. खुनाचे रूपांतर प्रेमकथेत होते. मारणारा आणि मरणारा हे 'दोन गट' होतात. तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील खर्डा येथे २८ एप्रिल २०१४ रोजी सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याला, तो वरच्या मानल्या गेलेल्या जातीतील मुलीशी बोलतो या कारणावरून, हाल करून मारण्यात आले. येथे दोन घराणी कुठे होती? एका बाजूला गावातील जमीन, माणूसबळ आणि वजन. दुसऱ्या बाजूला मोलमजुरी करणारे आईबाप. या आईबापांनी कधी कुणाच्या दारावर तलवार नेली होती? साक्षीदार फिरले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयातून सारे आरोपी निर्दोष सुटले. कुणी कुणाचा हात हाती घेतला नाही.

त्याच जिल्ह्यातील सोनईत १ जानेवारी २०१३ रोजी सफाईकाम करणाऱ्या समाजातील तीन तरुण मारले गेले. त्यांपैकी एकाचेच प्रेम होते. बाकीचे दोघे त्याच्यासोबत होते, एवढाच त्यांचा गुन्हा. नाटकात या जागी मर्क्युशिओ आहे. तोही मित्रापायी मरतो, पण मरताना दोन्ही घराण्यांना शाप देऊन मरतो, आणि तो राजाचा नातलग असल्यामुळे त्याच्या मरणाने सारे व्हेरोना हादरते. सोनईच्या त्या दोघांना शाप द्यायला दुसरे घराणेच नव्हते. या खटल्यात जानेवारी २०१८ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली, हे नोंदवले पाहिजे. कारण राजा कधीच न्याय देत नाही, असे म्हणणे सोपे आहे आणि ते खरे नाही.

आपल्या भाषेने रोमिओ या शब्दाचे काय केले तेही पाहा. वर्तमानपत्री मराठीत रोमिओ म्हणजे प्रियकर नव्हे. तो 'रोडरोमिओ' आहे, नाक्यावर उभा राहून मुलींची छेड काढणारा. मुलींना होणारा त्रास खरा आहे आणि त्याबद्दल कारवाई झालीच पाहिजे. पण नाक्यावर उभा असलेला मुलगा बंगल्यातला असला तर तो 'तरुण' असतो आणि वस्तीतला असला तर 'रोडरोमिओ' असतो. शेक्सपिअरच्या रोमिओची सारे शहर वाहवा करते. आमच्या रोमिओची पहिली नोंद पोलीस ठाण्यात होते.

नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २०१६ साली आला, तेव्हाही पुष्कळांना रोमिओ-ज्युलिएट आठवले. मला त्यात आठवण्यापेक्षा उलटे करून दाखवणे अधिक दिसते. परश्या पारधी समाजातला, आर्ची पाटलांची. परश्याच्या घरून सूड म्हणून काठीसुद्धा उगारली जात नाही. आणि आर्चीच्या भावाचे नाव काय आहे? प्रिन्स. व्हेरोनात प्रिन्स हा दोन्ही घराण्यांच्या वर बसलेला राजा आहे. तो दोघांना समोर बोलावतो, दोघांना दंड करतो, आपलेही दोन नातलग गमावतो. मंजुळेंच्या गावात दोघांच्या वर बसलेला कुणी नाहीच. प्रिन्स हा पाटलांच्या घरातलाच आहे. हाच प्रिन्स वर्गात प्राध्यापकाच्या श्रीमुखात भडकावतो. तो प्रसंग मी चित्रपटगृहात पाहिला तेव्हा माझ्या पुढच्या रांगेत कुणीतरी हसले. मला माझा गाल चाचपावासा वाटला. शेवटी हाच प्रिन्स भेटवस्तू घेऊन बहिणीच्या दारात येतो, आणि पुढे काय होते ते सर्वांना ठाऊक आहे.

राजाविषयी लिहिताना मला आमचा राजा आठवल्याशिवाय राहत नाही. नाटकाच्या पहिल्याच प्रवेशात भर रस्त्यात तलवारी चालतात. राजा येतो, संतापतो, पुन्हा असे झाले तर प्राणाला मुकाल असे बजावतो आणि दोन्ही घरच्या प्रमुखांना वेगवेगळ्या वेळी भेटीला बोलावतो. हत्यारबंद श्रीमंतांसाठी शब्द पुरतात. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली म्हणून लोक रस्त्यावर आले, तेव्हा राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा माणसे मेली. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो आणि आमची खोली तिथून हाकेच्या अंतरावर होती. आईने मला दिवसभर पलंगाखाली बसवून ठेवले होते.

या नाटकात मला आपली माणसे भेटतात ती दोन घराण्यांत नव्हे, त्यांच्या चाकरांत. पहिले भांडण उकरून काढतात ते नोकर. धन्याच्या वैरासाठी मारायला-मरायला ते तयार असतात. त्या वैरातून त्यांना मिळणार मात्र काही नसते. पुढे कॅप्युलेटचा एक नोकर पाहुण्यांची यादी हाती घेऊन रस्त्यात उभा आहे. त्याला वाचता येत नाही. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला यादी वाचून मागतो आणि तो येणारा-जाणारा नेमका रोमिओ निघतो. सारे नाटक या एका निरक्षर माणसाच्या अडचणीवर उभे आहे. त्याने यादी वाचून मागितली नसती तर ती भेट झालीच नसती. टीकाकार याला योगायोग म्हणतात. माझे वडील महानगरपालिकेच्या कचऱ्याच्या गाडीवर कामाला होते आणि साहेबाची चिठ्ठी ते रस्त्यात कुणाकडून तरी वाचून घेत. मला तो योगायोग वाटत नाही.

आणि तो मँच्युआचा औषधविक्या. विष विकणाऱ्याला तिथे देहदंड आहे. तो नको म्हणतो, पण चाळीस मोहरांपुढे त्याची उपासमार बोलते. शेवटी राजा एवढेच म्हणतो, की काहींना क्षमा होईल, काहींना शिक्षा. कुणाला, हे शेक्सपिअर सांगत नाही. पण ज्या इंग्रजी काव्यावरून त्याने कथानक घेतले, त्या आर्थर ब्रुकच्या १५६२ सालच्या काव्यात ते सांगितलेले आहे. तिथे औषधविक्याला फाशी होते आणि ज्युलिएटला अंगावर पाजलेल्या दाईला हद्दपार करतात. वैर बापांचे; फास गरिबाच्या गळ्यात. प्रस्थापित समीक्षेने शोकात्म नायकाच्या दोषावर पुष्कळ लिहिले आहे. या औषधविक्यावर कुणी एक धडा लिहिला तर तो आपल्या विद्यार्थ्यांना अधिक उपयोगी पडेल.

येथवर लिहून मी थांबलो असतो, तर लेख आपल्याला आवडलाही असता. दोष सगळा पलीकडच्या बाजूला जमा झाला होता. पण त्या विद्यार्थ्याचा प्रश्न मनातून जाईना. दोन्ही घराणी तोलामोलाची, वैराचे कारण कुणालाच आठवत नाही, आणि तरी मुलगी द्यायची नाही, असे आपल्याकडे खरोखर कुठे आहे? प्रामाणिकपणे पाहिले तर ते आमच्या गल्लीत आहे. पाटील आणि दलित यांच्यात व्हेरोना नाही. व्हेरोना आहे ती बौद्ध आणि मातंग यांच्यात.

आमच्या घाटकोपरच्या गल्लीत दोन्ही समाजांची घरे भिंतीला भिंत लागून आहेत. नळ एक, संडास एक, झोपडपट्टीच्या सर्व्हेची भीती एक. चौदा एप्रिलला निळे झेंडे लागतात, एक ऑगस्टला पिवळे. आणि दर वर्षी नाक्यावरच्या बॅनरच्या जागेवरून बाचाबाची होते. तुमचा बॅनर आमच्या बॅनरवर आला, तुमच्या स्पीकरचे तोंड आमच्याकडे केले. पहिला अंक, पहिला प्रवेश. तिथेही नोकर भिंतीच्या कडेने कुणी चालायचे यावरून सुरुवात करतात. हे घडते त्या घाटकोपरात, जिथल्या चिरागनगरच्या झोपडीत अण्णाभाऊ साठे राहिले आणि लिहीत राहिले. 'फकिरा' ही कादंबरी त्यांनी कुणाला अर्पण केली आहे, ते पहिल्या पानावर छापलेले आहे : बाबासाहेबांच्या लेखणीला. झेंडे बांधणाऱ्या दोन्ही बाजूंच्या पोरांपैकी किती जणांनी ते पान उघडले असेल?

१ ऑगस्ट २०२४ रोजी, योगायोगाने अण्णाभाऊंच्या जयंतीच्याच दिवशी, सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला मान्यता देणारा निकाल दिला. त्या निकालाची बाजू घ्यावी की विरोध करावा, हा वेगळा लेखाचा विषय आहे आणि त्यात दोन्हीकडे विचार करणारी माणसे आहेत. पण त्यानंतर गल्लीत जी भाषा मी ऐकली ती विचाराची नव्हती. 'आमचे खाल्ले', 'तुमचे काढून घेऊ' ही वाटणीची भाषा होती. भाऊबंदकीची. आणि तीही अशी, की ज्यात भाऊ म्हणायचीसुद्धा तयारी नाही. फक्त मातंगांशीच असे आहे काय? कोकणातल्या बौद्धाने घाटावरच्या बौद्धाकडे सोयरीक केली तरी आमच्या म्हाताऱ्या माणसांच्या कपाळाला आठी पडते. बाबासाहेबांनी वर चढत जाणारा आदर आणि खाली उतरत जाणारा तिरस्कार अशी जी जातीची शिडी सांगितली, तिच्या सगळ्यांत खालच्या पायऱ्यांवरही कुणीतरी कुणाच्या तरी एक पायरी वर बसलेला आहे.

चार वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीने आमच्याच गल्लीतल्या एका मातंग मुलाशी लग्न करायचे ठरवले. मुलगा पदवीधर, कुरिअर कंपनीत नोकरीला. त्याचे आजोबा बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवीत. आमच्या घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो आहे, वडिलांना बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ आहेत. सुरुवातीला ते म्हणाले होते, की पोरीच्या मर्जीबाहेर मी काही करणार नाही. कॅप्युलेटही पहिल्या अंकात पॅरिसला नेमके हेच सांगतो, की मुलीचे मन आधी जिंक. तिसऱ्या अंकात तोच बाप मुलीला सांगतो, की ऐकत नसशील तर रस्त्यावर भीक माग, उपाशी मर, मी तुला ओळखणार नाही. ते भाषण मी अनेक वर्षे वर्गात आवाज चढवून वाचत आलो. ते मराठीत, आमच्या दहा बाय पंधराच्या खोलीत ऐकले तेव्हा मला त्यातला एकही शब्द परका वाटला नाही. "बाजा वाजवणाऱ्यांच्या घरात देऊ काय तुला?" असे वडील म्हणाले. पूर्वी गावात आम्ही काय ओढत होतो, हे मी त्यांना विचारले नाही.

बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे मर्म सजातीय विवाहात आहे हे दाखवून दिले, आणि ते बंधन स्त्रीच्या देहावर कसे बसवले जाते तेही. १९३६ साली, होऊ न दिलेल्या भाषणात, आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय म्हणून सांगितला. हे दोन्ही मी परीक्षेत लिहून गुण मिळवलेले आहेत. तरी त्या रात्री बहीण मला म्हणाली, "दादा, तू तरी बोल ना," तेव्हा मी तिला काय सांगितले? थोडी थांब, तुझी परीक्षा होऊ दे, बाबांना मी हळूहळू समजावतो. टिबॉल्ट होण्याइतका मी वाईट नव्हतो. मी फ्रायर लॉरेन्स झालो. भला माणूस, ज्याच्याजवळ नेहमी एक योजना असते आणि जो नेमक्या क्षणी थडग्यातून पळून जातो. हे पात्र वर्गात सांगताना मी त्याचा भ्याडपणा नेहमी दोन वाक्यांत उरकत असे.

तेंडुलकरांच्या 'कन्यादान'वर (१९८३) आपल्या चळवळीत पुष्कळ रागाने लिहिले गेले, आणि तो राग योग्यच होता. दलित जावई आणला तो बायकोला मारणारा, आणि यातना भोगायला समाजवादी ब्राह्मण बाप, हा हिशेब मला आजही मान्य नाही. पण आपल्या घरात आपल्याच शेजारचा जावई येतो तेव्हा काय होते, याचे नाटक कुणी लिहिलेले मी वाचलेले नाही. ते तेंडुलकरांनी लिहायचे नव्हते. ते आपण लिहायचे होते.

बहिणीने विशेष विवाह कायद्याखाली नोटीस दिली. व्हेरोनात फ्रायरच्या कोठडीत एका दुपारी लग्न उरकते; आमच्याकडे नाव-पत्त्यासह तीस दिवस फळ्यावर कागद लागतो. ते तीस दिवस ती मैत्रिणीकडे अंधेरीला राहिली. दोन्हीकडून धमक्या आल्या, कारण मुलाच्या घरीही बौद्धांची मुलगी नको होती. मारामारी झाली नाही. कुणी मेले नाही, म्हणून बातमीही झाली नाही. लग्नाला मी गेलो, सही केली आणि संध्याकाळी घरी येऊन कुठे गेलो होतो ते वडिलांना सांगितले नाही. हे लिहिले आहे म्हणजे आता ते त्यांना कुणीतरी वाचून दाखवील.

नाटकाच्या शेवटी माँटेग्यू येऊन सांगतो, की मुलाच्या हद्दपारीच्या दुःखाने माझी बायको कालच्या रात्री मेली. एवढेच. तिच्यासाठी कुणी पुतळा कबूल करीत नाही आणि वाचणाऱ्याच्या ते ध्यानातही राहत नाही. त्या वर्षी मी विद्यार्थ्यांना तिच्यावर टिपण लिहायला सांगितले. पार्कसाइटच्या त्या मुलाने अर्धे पानच लिहिले, पण माझ्या मते तेच सर्वांत चांगले होते. त्याने तिला काही संवाद लिहून दिले होते.

बहीण आता दिव्याला राहते. तिला मुलगी झाली आहे. आई दर गुरुवारी विहारात जाते म्हणून घाटकोपरहून दुपारची स्लो गाडी पकडते आणि सातच्या आत परत येते. पिशवीत कधी लहान मुलाचे टोपडे राहून जाते. वडील ते पाहतात, पिशवी खुंटीला अडकवतात आणि आज विहारात गर्दी होती काय, असे विचारतात.